ट्रेलरवर मशीन बांधताना: चेन बाइंडर लावायचा कसा आणि सोडायचा कसा

गाळप हंगाम आटोपला, की सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवरचा माल बदलतो. कारखान्यांच्या मिलचे रोलर दुरुस्तीला निघतात, पोकलेन आणि रोड रोलर एका साइटवरून दुसऱ्या साइटवर हलतात, कुपवाड-मिरज एमआयडीसीतून जड कास्टिंग पुण्याकडे जातं. वर्षभर साखरेची पोती रस्सीनं बांधणारा ड्रायव्हर किंवा क्लीनर अशा वेळी पहिल्यांदा साखळी हातात घेतो. रस्सीचं गणित त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं: जितकी ओढाल तितकं घट्ट, सैल झाली तर पुन्हा ओढा. साखळीला ते लागू नाही. साखळी डोळ्यांना दिसेल इतकी ताणत नाही, आणि तिच्यात साठलेला ताण सुटतो तो एका क्षणात.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट. चेन बाइंडर हे साखळीतली ढील काढायचं साधन आहे. त्यानं साखळीची ताकद वाढत नाही, आणि पाईप लावून दुप्पट आवळलं म्हणून मशीन दुप्पट पक्कं बसत नाही. खालच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

१. हातात कोणता बाइंडर आहे ते ओळखा

लिव्हर बाइंडरला एक लांब दांडा असतो. दोन्ही हुक साखळीत अडकवून दांडा खाली दाबला, की तो मध्यरेषेच्या पलीकडे जातो आणि साखळीच्या ताणामुळेच बंद राहतो. हाताच्या जोराच्या साधारण २५ पट ताण साखळीत येतो. एका दाबात काम होतं, म्हणून जुन्या ड्रायव्हरांना हाच आवडतो.

रॅचेट बाइंडरमध्ये मधोमध नळी, तिच्या दोन्ही टोकांना उलटसुलट आट्यांचे स्क्रू, आणि दांड्याला खटका असतो. दांडा पुढेमागे केला की दोन्ही स्क्रू आत येतात. जोर साधारण ५० पट होतो. वेळ जास्त लागतो, वजन जास्त, किंमतही जास्त.

तरीही नव्या माणसानं रॅचेटच घ्यावा. कारण आवळताना नाही, सोडताना कळतं. रॅचेटचा ताण एकेक खटक्यानं उतरतो. लिव्हरचा सगळा ताण दांडा उचलल्याबरोबर एकदम सुटतो, आणि ज्याचा जबडा त्या दांड्याच्या वाटेत असेल त्याला तो लागतो. हात, दात आणि डोळे गमावण्याचे प्रकार बहुतेक लिव्हर उघडतानाचे असतात. दुसरा फायदा असा, की रॅचेट साधारण २० सेंटिमीटर ढील खातो, तर लिव्हर जेमतेम १० ते १२. लिव्हर वापरताना कडी एक पुढे की एक मागे, हा घोळ त्यामुळेच सतत होतो.

२. साखळीवरचा आणि बाइंडरवरचा शिक्का वाचा

दुकानदार साखळी सूतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सांगतो: अडीच सूत, तीन सूत, चार सूत. जाडी कळली, पण ताकद अजून कळलेली नाही. ताकद ग्रेडवर असते. वाहतुकीसाठी ग्रेड ७० किंवा ग्रेड ८० घ्या. ग्रेड ७० बहुतेक वेळा पिवळसर सोनेरी दिसते, पण रंगावर जाऊ नका. ठरावीक अंतरावर कडीवर ७, ७० किंवा ७०० असा ठसा असतो. ग्रेड ८० वर ८ किंवा ८०.

तीन सूत ग्रेड ७० साखळीची सुरक्षित भारमर्यादा ६,६०० पौंड, म्हणजे २,९९० किलोच्या आसपास. चार सूतची ११,३०० पौंड, म्हणजे साधारण ५,१२० किलो. ठसाच नसलेली तीन सूत साखळी अमेरिकेच्या नियमात सगळ्यात हलक्या ग्रेडची धरतात आणि तिला फक्त २,६५० पौंड, म्हणजे १,२०० किलो देतात. दिसायला तीच साखळी, पण भरवसा निम्म्याहून कमी. भंगारवाल्याकडची बिनठशाची साखळी स्वस्त पडते ती इथे.

एक गोंधळ नव्या माणसाला हमखास होतो. १० मिमी ग्रेड ८० साखळीच्या उचलण्याच्या पट्टीवर ३.१५ टन लिहिलेलं असतं, आणि त्याच जाडीच्या बांधण्याच्या युरोपियन साखळीच्या पट्टीवर ६३ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ ६.४ टन. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिल्यात तुटण्याच्या ताकदीचा चौथा हिस्सा धरलाय, दुसऱ्यात निम्मा. एका हिशेबात दोन्ही पद्धती मिसळू नका. आणि माल बांधायला वापरलेली साखळी नंतर क्रेनला उचलायला देऊ नका, मग ती कितीही चांगली दिसो.

बाइंडरवरही आकडा असतो, तो साखळीशी जुळलाच पाहिजे असं गृहीत धरू नका. अडीच ते तीन सूत साखळीसाठीच्या एका बाइंडरवर ५,४०० पौंड असतं, तसल्याच दिसणाऱ्या दुसऱ्यावर ६,६००. तीन सूतच्या साखळीला ५,४०० चा बाइंडर लावला, तर ती पूर्ण बांधणी ५,४०० पौंडांची, म्हणजे सुमारे २,४५० किलोची झाली. साखळी, बाइंडर, हुक, शॅकल आणि ट्रेलरवरची कडी यांपैकी जे सगळ्यात कमजोर, तेवढीच बांधणीची ताकद.

३. किती साखळ्या लागतील याचा हिशेब

अमेरिकेच्या वाहतूक नियमातला हिशेब कागद-पेन्सिलीवर करता येतो, म्हणून इथे तोच घेतलाय. सगळ्या बांधण्यांची मिळून भारमर्यादा मालाच्या वजनाच्या किमान निम्मी हवी. मात्र मोजताना एक मेख आहे. ट्रेलरच्या कडीपासून थेट मशीनच्या कडीपर्यंत जाणारी साखळी निम्मीच मोजतात. एका बाजूनं निघून मालावरून किंवा मालातून जाऊन ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूला बांधलेली साखळी पूर्ण मोजतात. शिवाय साडेचार टनांहून जड चाकाच्या किंवा ट्रॅकच्या मशीनला किमान चार बांधण्या लागतात, आणि बूम, बकेट, ब्लेड वेगळे बांधावे लागतात.

आता २० टनी पोकलेन घ्या. निम्मे म्हणजे १० टन. थेट बांधलेली तीन सूत ग्रेड ७० साखळी निम्मी मोजली की दीड टन. चार लावल्या तर सहा टन झाले. म्हणजे तीन सूतच्या चार साखळ्या १२ टनांपर्यंतच्या मशीनला पुरतात, २० टनांना नाही. सात लागतील. चार सूतच्या घेतल्या तर प्रत्येकी २.५६ टन, चारांत १०.२ टन, काठावर पास. त्यात बकेटची साखळी वेगळी. "चार कोपऱ्यांना चार साखळ्या" हा आपल्याकडचा सर्रास नियम मशीनचं वजन न विचारताच लावला जातो, आणि तो चुकतो तो नेमका इथे.

हा सगळा खटाटोप ब्रेकसाठी आहे. युरोपच्या मापदंडात पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट, बाजूला आणि मागे ०.५ पट जोर धरतात. २० टनांचं मशीन जोरात ब्रेक दाबल्यावर १६ टनांच्या जोरानं केबिनकडे येऊ पाहतं. त्यातला काही भाग घर्षण खातं. बाकीचा साखळ्यांना पेलावा लागतो.

साखळीचा कोनही पाहा. हौद्यापासून ४५ अंशांत वर जाणाऱ्या साखळीचा आडवा धरण्याचा जोर तिच्या ताणाच्या ७० टक्के राहतो, ६० अंशांत निम्मा. जागा कमी म्हणून साखळी जवळजवळ उभी लावली, तर ती मशीन खाली दाबते, पुढे सरकण्यापासून मात्र फारशी अडवत नाही.

४. सोबत काय हवं

- हिशेबाप्रमाणे साखळ्या, आणि प्रत्येक साखळीला स्वतःचा बाइंडर; एक जोडी जास्तीची
- लाकडी गुटके आणि पाचरी. गोल मालासाठी पाचरी जाड आणि सलग लाकडाच्या
- रबर मॅट. साखर कारखान्यातून बाद झालेल्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे अनेक जण वापरतात. चालतात, पण ते कोरडे आणि तेलाविना असले तरच
- धारदार कडांवर ठेवायला जाड लोखंडी कोपरे किंवा टायरचे तुकडे
- वायर ब्रश, तेल, व्हर्नियर, खडू, बाइंडिंग वायर
- एक मीटरभर भरीव लोखंडी टॉमी. हिचं काम फक्त अडकलेला लिव्हर उचकटायचं, आवळायचं नाही
- हातमोजे, हेल्मेट, सेफ्टी बूट. सैल शर्ट, उपरणं, गळ्यातली साखळी नको

कागदांत आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट, ई-वे बिल, चलन आणि वजनकाट्याची पावती. मशीनचं वजन ऑपरेटरच्या तोंडी ऐकू नका. मशीनवरची पाटी वाचा किंवा काट्यावर घ्या. मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल तिथेच उतरवायचा खर्च वेगळा. गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत हवी. २० टनी पोकलेन साधारण २.८ ते ३ मीटर रुंद असतं, म्हणजे ते बाहेर येणारच. त्यासाठीची ओडीसी, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची, परवानगी गाडी भरण्याआधी हातात पाहिजे, टोलनाक्यावर नव्हे.

५. ट्रेलर आणि मशीन तयार करणं

सगळ्यात जास्त कंटाळा या पायरीचा येतो, आणि वाटेत साखळ्या ढिल्या पडतात त्याचं कारण बहुधा इथेच असतं.

कृष्णाकाठच्या कामावरून आलेल्या पोकलेनच्या ट्रॅकमध्ये काळी माती गच्च बसलेली असते. ती तशीच ठेवून मशीन चढवलं, तर दोन गोष्टी होतात. ट्रॅक आणि हौदा यांच्यामध्ये चिखलाचा थर राहून घर्षण जातं. आणि वाटेत माती सुकून, हादऱ्यानं गळून मशीन थोडं खाली बसतं. साखळी तेवढी सैल होते. फावडं घेऊन ट्रॅक साफ करा. हौदाही झाडून घ्या, त्यावर सांडलेलं डिझेल पुसा.

लोखंडावर लोखंड असेल तर घर्षण वजनाच्या साधारण १० ते २० टक्केच मिळतं. मध्ये लाकूड असेल तर ४० टक्क्यांच्या आसपास, चांगली रबर मॅट असेल तर ६०. रोड रोलरचा गुळगुळीत ड्रम लोखंडी पत्र्यावर ठेवणं म्हणजे सगळा भार साखळ्यांवर टाकणं. ड्रमखाली मॅट, पुढेमागे पाचरी, आणि मधल्या सांध्याचा लॉक पिन लावलेला. हा पिन विसरला तर वळणावर मशीन मधून दुमडतं आणि चारही साखळ्यांचा हिशेब एका फटक्यात बिघडतो.

पोकलेनचा बूम खाली, बकेट लाकडावर टेकवलेली, फिरण्याचा लॉक लावलेला. इंजिन बंद करून लिव्हर सगळ्या दिशांना हलवा म्हणजे हायड्रॉलिकचा उरलेला दाब जाईल, नाहीतर वाटेत बूम स्वतःच सेंटिमीटरभर बसतो. चावी काढा, दरवाजा बंद. सगळ्यात उंच भाग जमिनीपासून टेपनं मोजून केबिनमध्ये लिहून ठेवा. गावातल्या विजेच्या तारांखाली तो आकडा लागतो.

मिलच्या रोलरची गोष्ट वेगळी. तो गोल आहे, म्हणून साखळीआधी त्याला घोडी लागते: व्ही आकाराची लाकडी किंवा लोखंडी बैठक, दोन्ही बाजूंना पाचरी, पाचरींना खिळे किंवा आडव्या पट्ट्या. गोल माल फक्त साखळीच्या भरवशावर ठेवू नका. साखळी बेअरिंग बसतं त्या घासून गुळगुळीत केलेल्या भागावरून कधीच नेऊ नका. एक ओरखडा पडला तरी कारखान्याचा इंजिनीअर रोलर परत पाठवतो. तिथे रुंद पट्टा, आणि खाली रबर. दातांच्या खाचांवरून साखळी नेली तर खाचेची कड तुटते आणि कडीही वाकते.

६. साखळीची टोकं कुठे अडकवायची

ट्रकच्या हौद्याच्या बाजूला खाली जे छोटे हुक असतात, ते ताडपत्री आणि रस्सीसाठी आहेत. त्यांना साखळी लावली तर बाइंडर आवळतानाच ते उघडतात. न उघडले तर घाटात उघडतात. फाळक्याच्या बिजागऱ्या, साइड गार्ड, स्टेपनीचा ब्रॅकेट, यांतलंही काही चालत नाही. चासीला किंवा ट्रेलरच्या मुख्य चॅनेलला जोडलेल्या डी-रिंग किंवा पॉकेट हवेत. त्या नंतर बसवायच्या झाल्या, तर ट्रेलर बनवणाऱ्याकडूनच बसवून घ्या.

मशीनवर कंपनीनं बांधायच्या जागा साखळीच्या चिन्हानं दाखवलेल्या असतात. त्याच घ्या. पायरी, रेलिंग, हायड्रॉलिकचा पाईप, सिलिंडरचा चकचकीत दांडा आणि ट्रॅकची पट्टी, ही पाच ठिकाणं नव्या माणसाला मोहात पाडतात.

पुढच्या दोन साखळ्या मशीनला पुढे ओढतील आणि मागच्या दोन मागे, अशा लावा. म्हणजे त्या एकमेकींना ताणून धरतात. सगळ्या एकाच दिशेनं ओढत असतील, तर पहिल्या ब्रेकला मशीन सरकतं. जागा असेल तर पुढच्या किंवा मागच्या जोडीची फुली करा, बाजूला घसरणं त्यानं रोखलं जातं.

एकच लांब साखळी एका कोपऱ्यातून निघून मशीनमधून फिरवून दुसऱ्या कोपऱ्यात नेणं, आणि दोघांना मिळून एक बाइंडर, असं दिसलं तर ते सोडवून पुन्हा बांधा. एक कडी गेली की दोन्ही कोपरे मोकळे.

७. आवळणं

१. साखळी पिळलेली आहे का पाहा. दोन्ही टोकांतल्या कड्या एका रेषेत आल्या पाहिजेत. गाठ तर कधीच नाही.

२. हुकच्या तळाशी कडी बसली पाहिजे. टोकावर अडकलेल्या हुकची ताकद कुठल्याच आकड्यात मोजलेली नसते.

३. हातानं जमेल तेवढी ढील आधीच काढा. रॅचेटचे दोन्ही स्क्रू बाहेर काढून ठेवा, पण आटे नळीत राहतील इतपतच. पूर्ण बाहेर काढलेला स्क्रू दोन आट्यांवर लटकतो आणि ते दोन आटे सोलून निघतात.

४. बाइंडर अशा जागी लावा, की तुम्ही जमिनीवर उभं राहून तो चालवू शकाल. लिव्हरचा दांडा खाली दाबून बंद व्हावा. मशीनवर किंवा हौद्याच्या काठावर उभं राहून दांडा ओढणारा माणूस हुक सुटला तर सरळ मागे पडतो.

५. बाइंडरचं अंग कशावर टेकायला नको. हौद्याच्या कडेवर वळलेला बाइंडर आवळताना वाकतो, आणि वाकलेला बाइंडर सरळ करून वापरता येत नाही.

६. ताण येईपर्यंत आवळा, मग हातानं एक-दोन खटके. साखळीत झोळ दिसायला नको; हातानं ढकलली तर जेमतेम हलली पाहिजे. इथे थांबा.

का थांबायचं, तेही बघा. रॅचेटच्या दांड्याला ४० किलोचा जोर लावला, तर कागदावर ५० पटीनं दोन टन होतात. तीन सूत साखळीच्या तीन टनांतले दोन तुम्ही गाडी सुरू व्हायच्या आधीच खर्च केले. ब्रेकला उरला एक. आता लिव्हरला दुप्पट लांबीचा पाईप लावून दोघांनी मिळून १२० किलोचा भार टाकला, तर सहा टन होतात, मर्यादेच्या दुप्पट. साखळी बहुधा तुटणार नाही, कारण ग्रेड ७० साखळीची मर्यादा तुटण्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर धरलेली असते. पण हुकचं तोंड उघडतं, कडी ताणली जाते, आणि हा सगळा ताण संध्याकाळी माल उतरवणाऱ्या माणसाची वाट बघत साठून राहतो. पाईप लावणारा आणि सोडणारा बहुधा एकच माणूस नसतो, म्हणून ही सवय मोडत नाही.

७. रॅचेटचा दांडा साखळीला लावून बांधा. लिव्हर असेल तर उरलेली साखळी दांड्याभोवती गुंडाळून बाइंडिंग वायरनं पक्की करा. लोंबणारं टोक चाकात जाणार नाही हे बघा.

८. समोरासमोरच्या साखळ्या आळीपाळीनं आवळा. एक पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात, तर पहिली सैल झालेली असते. शेवटी पुन्हा एक फेरी मारा. आणि आवळताना मशीनवर कोणीही बसलेलं नको, ऑपरेटरसुद्धा.

८. वाटेत

लाकूड दबतं, टायर बसतात, माती गळते. पहिले पाच-दहा किलोमीटर झाले की थांबून सगळ्या साखळ्या हातानं बघा. कुपवाडहून निघाला असाल तर पेठ नाक्याला महामार्गाला लागण्याआधी, साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीच्या आधी, कोकणात उतरणार असाल तर कोयनानगर सोडून कुंभार्ली घाट सुरू होण्याआधी. अमेरिकेचा नियम पहिल्या ५० मैलांत एकदा आणि नंतर दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी सांगतो. आपले गतिरोधक आणि घाट धरले तर त्याहून लवकर बघणं शहाणपणाचं. तासवडे आणि आणेवाडीचे टोलनाके सोयीचे आहेत, पुढे जागा बघून कडेला लावा. जोरात ब्रेक लागला असेल तर ठरलेली जागा यायची वाट बघू नका.

पहिल्या तपासणीलाच प्रत्येक साखळीच्या शेजारी मशीन आणि हौदा यांच्यावर खडूची सलग रेघ मारा. पुढच्या थांब्याला रेघ जुळली नाही, तर मशीन सरकलंय. तेव्हा नुसती साखळी आवळून पुढे जाऊ नका. पाचरी, पिन, मॅट सगळं पुन्हा बघा.

पावसात पाटण-कोयना पट्ट्यात ओल्या लोखंडावर घर्षण आणखी कमी होतं. रबरच्या टायरची मशीन, म्हणजे जेसीबी वगैरे, खड्ड्यात वरखाली उसळतात आणि साखळी क्षणभर सैल पडते. तेवढ्यात हुक निसटू शकतो. अशा ठिकाणी खटका असलेला हुक घ्या.

९. सोडणं: इथे घाई करू नका

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक, चाकांना उटी, म्हणजे अडवायचे गुटके. मग साखळीला हात लावण्याआधी गाडीला पूर्ण फेरी मारून बघा: माल एखाद्या साखळीवर रेलला आहे का? रेलला असेल, तर ती साखळी आता बांधणी नाही, आधार आहे. हायड्रा क्रेननं माल धरल्याशिवाय ती सोडू नका. गोल मालाच्या पाचरी जागेवर आहेत का ते आधी, साखळी नंतर.

रॅचेट: खटका उलटा करा. ताणाखाली तो अडकला असेल, तर आधी अर्धा खटका आवळा, मग उलटा होतो. हातोडा नको. चेहरा दांड्याच्या वाटेतून बाहेर ठेवून एकेक खटका सोडा.

लिव्हर: आजूबाजूला कोणी नाही ना, बघा. दांडा कुठल्या चापानं वर येईल ते नजरेनं आखा, आणि त्या चापाच्या बाहेर, बाजूला उभे राहा. हातानं सोडणार असाल, तर तळवा उघडा ठेवून दांड्याच्या खालून वर ढकला. मूठ वळून दांडा धरायचा नाही. दांडा उसळला की मुठीसकट मनगट आणि खांदा घेऊन जातो, आणि माणूस ओणवा असेल तर हनुवटी. हातानं उठत नसेल तर टॉमी दांड्याच्या खाली घालून उचका, तीही स्वतः वाटेबाहेर उभं राहून. पोकळ पाईप दांड्यावर चढवून उघडणं सगळ्यात वाईट, कारण दांड्याबरोबर पाईपही उडतो.

टॉमीनंही उठला नाही, तर जबरदस्ती सोडा. शेजारी दुसरा रॅचेट बाइंडर त्याच साखळीवर असा लावा, की त्याचे हुक अडकलेल्या बाइंडरच्या अलीकडे आणि पलीकडे येतील. तो आवळा. ताण नव्या बाइंडरवर गेला की जुना लिव्हर मोकळा पडतो, तो हातानं उघडा, आणि मग रॅचेट हळूहळू सोडा. दहा मिनिटं जातात. जास्तीची जोडी सोबत हवी ती यासाठीही.

१०. ठेवण आणि बाद करणं

महिन्यातून एकदा साखळ्या वायर ब्रशनं घासून पसरून बघा. व्हर्नियरनं कडी जिथे कडीवर घासते तिथली जाडी मोजा. मूळ जाडीच्या १० टक्के झिजली असेल तर साखळी बाद. तीन सूत, म्हणजे साडेनऊ मिमी, साडेआठवर आली की संपली. हुकचं तोंड नव्या हुकपेक्षा ५ टक्के जास्त उघडलं असेल, तर तोही बाद. नव्या साखळीच्या २० कड्या शेजारी ठेवून लांबी ताडा. जुनी लांब भरली, तर ती कधीतरी मर्यादेबाहेर ताणली गेली आहे. साखळीला रंग देऊ नका, रंगाखाली चीर दिसत नाही. बॅटरीचं ॲसिड सांडलेली साखळी वापरू नका.

वेल्डिंगचा मोह टाळा. तुटलेली कडी वेल्डिंगवाला पाच मिनिटांत जोडून देतो, पण उष्णतेनं त्या आणि शेजारच्या कडीचं पाणी उतरतं. ताकद गेली, हे बाहेरून दिसत नाही. नट-बोल्टनं जोडलेली साखळीही तशीच. जोडायचीच असेल तर त्याच ग्रेडची कनेक्टिंग लिंक घ्या. बाइंडरचा दांडा वेल्ड करून लांब करणं हे पाईप लावण्याचंच कायमचं रूप आहे.

रॅचेटच्या आट्यांना आणि खटक्याला तेल द्या, हुकच्या तळाला नको. बाइंडर हौद्यात लोळत ठेवू नका, पेटीत टाका.

बाद ठरलेली साखळी भंगारात देण्याआधी दोन-तीन ठिकाणी गॅस कटरनं कापा. अख्खी दिली, तर पुढच्या हंगामात तीच साखळी दुसऱ्या कुणाच्या ट्रेलरवर दिसते.